काळ्या ओट्यावर पांढरी रिंगणं, पांढऱ्या ओट्यावर काळे डाग: ग्रॅनाइटला सीलर मारावा की नाही?

चिंचगूळ

मंडळी, ओट्याचं दुखणं घेऊन आले आहे. पावसाळ्याच्या आधी नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो (पुणे, पाणी निम्मं महापालिकेचं, निम्मं टँकरचं). स्वयंपाकघरात दोन ओटे आहेत. गॅस आणि सिंकचा मोठा ओटा काळा, दुकानदाराने 'जेट ब्लॅक' म्हणून दिलेला. बिलावर मात्र नुसतं 'ब्लॅक ग्रॅनाइट' आहे. समोरचा छोटा ओटा पांढरा, त्यात राखाडी रेघा आणि डाळिंबी ठिपके. त्याचं नाव 'कश्मीर व्हाइट' सांगितलं होतं.

काळ्यावर जिथे लिंबू पिळलं जातं तिथे वाटीच्या बुडाएवढी राखाडी रिंगणं उमटली आहेत. नखाला काही लागत नाही, पण खिडकीतून तिरपा उजेड आला की लख्ख दिसतात. नळाच्या बुडाशी वेगळाच प्रकार आहे, तिथे पांढरा खरखरीत थर साचलाय आणि तो नखाला लागतो. त्यात भर म्हणजे ताबा देण्याआधी कंत्राटदाराच्या माणसाने "सीलर (डाग आत मुरू नयेत म्हणून दगडाला लावायचं द्रव) मारून देतो" म्हणत काहीतरी फासलं आणि "आपोआप सुकेल, हात लावू नका" असं बजावून गेला. तेव्हापासून अख्ख्या काळ्या ओट्यावर धुरकट पडदा आहे. बोट लावलं की बोटाचा ठसा, फडकं फिरवलं की फडक्याचे फराटे.

पांढऱ्यावर तेलाच्या बुधलीचं गोल काळपट बूड उमटलंय. हळद सांडली होती तिथे साबणाने घासलं तर पिवळ्याचं लालभडक झालं! आणि भिंतीलगत सिलिकॉनची रेघ मारली आहे, तिच्या कडेने बोटभर रुंदीचा तेलकट पट्टा दिसायला लागलाय.

कंत्राटदार म्हणतो, सगळ्यावर सीलरचा अजून एक हात मारतो, सगळं झाकलं जाईल. सासूबाई म्हणतात, आमच्या कडप्प्याला उभ्या जन्मात असलं काही झालं नाही. कोणाचं ऐकू?

वरणफळ

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओत. मस्त फेस येतो आणि त्यात सगळे डाग निघतात. रीलमध्ये पाहिलं होतं.

गारगोटी

वरणफळ, फेस बघायला मजा येते हे मान्य. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, उरतं ते खारट पाणी. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, फक्त वेगवेगळ्या डागांवर आणि एकेकट्या.

चिंचगूळ, आधी कंत्राटदाराला थांबवा. तुम्ही एका दमात सहा तक्रारी सांगितल्यात आणि त्या सगळ्यांवर एक औषध चालणार नाही. नळाचा थर आणि सीलरचा पडदा हे दगडाच्या वर आहेत. तेल, हळद आणि सिलिकॉनचा पट्टा हे दगडाच्या आत गेलेत. लिंबाची रिंगणं यांपैकी कशातच बसत नाहीत. तिथे वर काही साचलेलं नाही आणि आत काही मुरलेलं नाही, तिथलं काहीतरी गेलंय. एकतर पॉलिश, नाहीतर रंग. आत डाग असताना वरून सीलर मारला तर डाग काढायची वाट बंद होते, एवढाच त्याचा उपयोग.

आता दगडाबद्दल. बाजारात 'ग्रॅनाइट' म्हणजे कडप्पा आणि संगमरवर सोडून पॉलिश होणारा कुठलाही टणक दगड. भूगर्भशास्त्रातला ग्रॅनाइट म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडा अभ्रक. कठीणतेच्या मोह्ज मापावर (१ ते १०) क्वार्ट्झ ७, फेल्डस्पार ६. लिंबाने त्याला ओरखडाही जात नाही. काळा 'ग्रॅनाइट' बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, तो गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा वेगळा गडद खडक असतो. आंध्रात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा 'ब्लॅक गॅलेक्सी' हाही त्याच घराण्यातला. त्यातले सोनेरी ठिपके ब्रॉन्झाइट या खनिजाचे. हे दगड इतके घट्ट असतात की सीलर आत शिरायला जागाच नसते. मग तो वर बसतो आणि धुरकट दिसतो. तुमचा पडदा त्यातलाच असणार.

उलट 'कश्मीर व्हाइट' नावाने विकला जाणारा दगड दक्षिण भारतातला, तमिळनाडूकडचा. काश्मीरशी त्याचा संबंध नावापुरता. डाळिंबी ठिपके गार्नेट या खनिजाचे आहेत. दिसायला देखणा, पण त्यात केसासारख्या सूक्ष्म भेगा असतात आणि तो पाणी, तेल पटकन पितो. म्हणजे ज्याला सीलर नको त्याला मिळाला आणि ज्याला हवा तो तसाच राहिला.

राहता राहिली लिंबाची रिंगणं. लिंबाने डाग पडला, याचा अर्थ एकतर तो चुनखडीचा दगड आहे, किंवा…

फरशीपुत्र

किंवा रंगवलेला आहे. गारगोटींनी सभ्यपणे टिंबं टाकली, मी सांगून टाकतो. आमच्या घरात दोन पिढ्या फरशीचा धंदा आहे.

राखाडी माल काळा करून विकणं ही जुनी गोष्ट आहे. पॉलिश करताना शेवटी काळा रंग किंवा रंगीत मेण चोळतात. दुकानात लाइटखाली आरसा वाटतो. घरी आल्यावर लिंबू, चिंच, टोमॅटो, भांड्यांची पावडर यांनी जागोजागी रंग उतरतो आणि खालचा खरा करडा दगड दिसायला लागतो. लोकांना वाटतं पांढरा डाग पडला. डाग नसतो तो, दगडाचं खरं तोंड असतं.

तपासायला शुद्ध ॲसिटोन घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, पण त्यावर ॲसिटोन लिहिलंय ना बघा, काहींत नसतं. पांढरं सुती फडकं भिजवून कोपऱ्यात, मिक्सरच्या मागे वगैरे, थोडा वेळ चोळा. सीलर निघाला तर फडकं मळकट होईल. रंग निघाला तर शाई सांडल्यासारखं काळं होईल, शंका राहणार नाही. गॅस बंद ठेवा आणि खिडक्या उघड्या, ॲसिटोन पटकन पेटतं.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. सिंकसाठी कापलेला तुकडा कुठे आहे? नसेल तर सिंकखाली मान घालून दगडाची खालची बाजू बघा. ती पॉलिश केलेली नसते आणि कोणी रंगवतही नाही. ओलं बोट फिरवा. अस्सल काळा दगड ओला झाला की काळा दिसतो. राखाडी असेल तर ओला करूनही राखाडीच राहतो.

सगळ्यांना सांगतो, तो सिंकचा तुकडा कधीही मिस्त्रीला नेऊ देऊ नका. तुमचाच दगड आहे, तुम्ही त्याचे पैसे दिलेत. कुठलंही रसायन आधी त्याच्यावर वापरून बघता येतं. पोळपाटाखाली ठेवायलाही बरा पडतो.

रेषा_आणि_रंग

मी इंटिरिअरची कामं करते. माझा साधा नियम: दगड कुठलाही असो, बसवल्यावर सीलर आणि दर वर्षी परत सीलर. क्लायंटला सवय लागली की तक्रारी येत नाहीत. इथे प्रॉब्लेम सीलरचा नाही, लावणाऱ्याचा आहे. "आपोआप सुकेल" असं कुठल्याच चांगल्या सीलरच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

गारगोटी

लावणाऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत, 'दगड कुठलाही असो'बद्दल नाही.

आत मुरणारा सीलर म्हणजे सिलेन, सिलोक्सेन किंवा फ्लुरोपॉलिमर, पाण्यात नाहीतर सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेला. तो छिद्रांच्या आतल्या भिंतीला चिकटतो आणि पाणी आत ओढलं जाणं अवघड करतो. वर काचेसारखा थर करत नाही आणि करायलाही नको. त्यामुळे डब्यावर दिलेल्या वेळेपुरता, साधारण पाच ते पंधरा मिनिटं, ओला ठेवायचा आणि सुकायच्या आत उरलेला सगळा कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा. पृष्ठभागावर जे उरेल ते डागच होणार.

दर वर्षी लावायचा की नाही हे कॅलेंडर कसं सांगेल? ते दगडाला विचारायचं. कोरड्या ओट्यावर पाण्याचे मोठे थेंब ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. खालचा दगड गडद झालेला दिसला तर सीलर हवा. जसाच्या तसा असेल तर बाटली बंद करून कपाटात. अमेरिकेतल्या एएसटीएम मानकाप्रमाणे इमारतीत वापरायच्या ग्रॅनाइटने वजनाच्या ०.४० टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषू नये अशी मर्यादा आहे. घट्ट काळे दगड त्याच्याही बरेच खाली असतात.

आणि सीलर लिंबापासून वाचवत नाही. तो फक्त मुरायला लागणारा वेळ वाढवतो, म्हणजे सांडलेलं पुसायला तुम्हाला सवड मिळते. रात्रभर तेलाची बुधली ठेवली तर सीलर मारलेल्या दगडावरही ठसा येऊ शकतो.

रेषा_आणि_रंग

थेंब ठेवून बघणारे क्लायंट मला द्या, मी पण वार्षिक नियम सोडते. :)

चिंचगूळ

बापरे, केवढी माहिती! काल दुपारी तपासणीचा कार्यक्रम केला. निकाल विचित्र आहे.

काळा ओटा एल आकाराचा, दोन लाद्यांचा आहे. जोड सिंकच्या अलीकडे. गॅसच्या बाजूच्या लादीवर ॲसिटोन चोळलं तर फडकं कोळशासारखं काळं. सिंकच्या बाजूच्या लादीवर तेच केलं तर नुसतं मळकट. सिंकखाली टॉर्च मारून ओलं बोट फिरवलं, तिथे दगड काळाच आहे. गॅसखालच्या ट्रॉलीज काढून तिकडची लादी खालून पाहिली तर चक्क करडी! म्हणजे एका ओट्यात दोन वेगळे दगड? लिंबाची रिंगणं सगळी गॅसच्याच बाजूला आहेत हे आता लक्षात आलं.

पांढऱ्यावर थेंब ठेवले तर पाच मिनिटांतच गडद गोल उमटले. वाळल्यावर गेले.

फरशीपुत्र

झालं, चोर सापडला. माल कमी पडला की दुसऱ्या लॉटमधली लादी जुळवून देतात, आणि जुळत नसेल तर रंगाने जुळवतात. दुकानात दोन्ही लाद्या शेजारी उभ्या करून, ओल्या फडक्याने पुसून बघायला हव्यात. पण ओटा बसवायच्या घाईत हे कोण करतं?

आता गॅसच्या लादीला दोनच रस्ते. परत काळं पॉलिश चोळून घ्यायचं, म्हणजे परत लिंबू आणि परत रिंगण. किंवा उरलेला रंग ॲसिटोनने पूर्ण काढून टाकायचा आणि ती खरी आहे तशी करडी राहू द्यायची. मधला रस्ता म्हणून 'कलर एन्हान्सर' मिळतो. तो आत मुरून दगड ओला असताना दिसतो तितपत गडद करतो. पण करड्याचा काळा करत नाही आणि काही काळाने परत लावावा लागतो. मी असतो तर रंग काढून मोकळा झालो असतो.

लादी बदलून मागू नका असं माझं मत. बदलताना डॅडोच्या टाइल्सची खालची ओळ फुटते आणि गॅस हॉबच्या कापाजवळची चिंचोळी पट्टी उचलताना तुटतेच. दुकानदाराकडून फरकाचे पैसे मागा. काळं फडकं आणि खालच्या बाजूचा फोटो दाखवा, पुढे फार बोलावं लागत नाही.

आगळवेगळा

सावंतवाडीकडून हजेरी. आमच्याकडे आगळ, कैरी, चिंच आणि बिमली रोजची. ग्रॅनाइटला काही झालं नाही, पण मागच्या पडवीतला कडप्पा आगळाने जागोजागी खाल्लाय. तेव्हा सासूबाईंच्या कडप्प्याबद्दल मला शंका आहे.

गारगोटी

शंका रास्त आहे. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. त्यातल्या कॅल्साइटची कठीणता ३, आणि आम्लाशी त्याची थेट प्रक्रिया होते. शहाबाद आणि कोटाही त्याच जातीचे. कडप्प्यावर आम्लाचे डाग पडतातच, फक्त पूर्वी त्यावर आरशासारखं पॉलिश नसायचं. खोबरेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवला की सगळा एकसारखा काळा दिसायचा. चकचकीत पृष्ठभागावर जे डोळ्यांत खुपतं ते मॅट पृष्ठभागावर पचून जातं.

चिंचगूळ

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. "खोबरेल लावायचो खरं," एवढं कबूल केलंय. बाकी मत कायम.

आता पांढऱ्या ओट्याचं सांगा ना. आणि नळाच्या थराचं.

गारगोटी

नळाचा थर म्हणजे जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, त्यामुळे साचणारच. सिंकच्या बाजूचा दगड अस्सल काळा निघालाय, म्हणून सांगतो: आधी साधं दाढीचं पातं अगदी आडवं धरून थर खरवडा. आडवं पातं अशा घट्ट काळ्या दगडाला सहसा ओरखडत नाही, पण टोक रुतू देऊ नका. उरलेल्यावर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, काही मिनिटं, मग भरपूर पाणी. टॉयलेट साफ करायचं ॲसिड अजिबात नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलचं सिंक खराब करतं, आणि फिकट दगडांत अभ्रकातलं लोह सोडवून पिवळे-तपकिरी गंजाचे डाग उठवतं. टाइल्सच्या कामानंतर मिस्त्री 'ॲसिड मारून' सफाई करतात तेव्हा ओटा झाकायला सांगा.

आता हळद. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. आपल्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर. तुमचा साबण अल्कलीयुक्त होता, म्हणून ओट्यावर कुंकू झालं. घाबरू नका, डाग वाढलेला नाही, रंग बदललाय. कर्क्युमिनला ऊन सहन होत नाही. ओट्यावर उन्हाची तिरीप येत असेल तर निम्मं काम तीच करेल. उरलेल्यासाठी केमिस्टकडे मिळणारं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या आणि त्यात टाल्कम पावडर कालवून घट्ट लेप करा. डागावर बोटभर जाड थापा आणि वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. इथेच लोक घाई करतात. ओला लेप डाग सैल करतो, पण वाळताना तो दगडातलं द्रव स्वतःकडे ओढून घेतो. ओलाच पुसला तर काहीच हाती लागत नाही. पेरॉक्साइड फक्त फिकट दगडावर वापरा, काळ्यावर रंग उडण्याचा धोका असतो. आणि हातमोजे घाला.

तेलाच्या बुडासाठी हीच कृती, पेरॉक्साइडच्या जागी ॲसिटोन. ते आवडत नसेल तर आधी बेकिंग सोडा आणि पाण्याचा लेप करून बघा. जुनं तेल एका फेरीत निघत नाही. प्रत्येक फेरीला फिकट होतंय का तेवढं बघायचं.

वरणफळ

म्हणजे माझा सोडा कामाला आला म्हणायचा!

गारगोटी

आला. व्हिनेगरही आलं. फक्त त्यांची गाठ घालू नका.

पेचकस

सिलिकॉनच्या पट्ट्याबद्दल कोणीच बोललं नाही. मी सिंक, हॉब बसवायची कामं करतो. स्वस्त सिलिकॉनमध्ये तेलासारखं प्लॅस्टिसायझर (मऊपणासाठी घातलेलं द्रव्य) असतं, ते हळूहळू पाझरतं आणि फिकट दगडाला फोटोफ्रेमसारखी काळपट किनार येते. वरून कितीही लेप लावा, सिलिकॉन तिथेच असेल तर परत येणार.

सिलिकॉन धारदार पात्याने पूर्ण काढा, खाचेत कणही राहायला नको. मग ॲसिटोनचा लेप. डाग गेला की ओटा नीट वाळू द्या, सीलर लावा आणि त्यानंतरच नवं सिलिकॉन भरा. घेताना 'न्यूट्रल क्युअर' आणि नैसर्गिक दगडासाठी चालेल असं लिहिलेलं घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक जातीचं आहे, दगडाला नको.

आणि काळ्या ओट्यावरचा धुरकट पडदा: सिंकच्या लादीवर तोच सीलर थोडा परत लावा, जुना थर सैल होईल, आणि लगेच कोरड्या फडक्याने जोर लावून पुसा. एका वेळी हातभर जागा. ऐकायला उलटं वाटतं, पण त्याच जातीचं द्रावण जुन्याला विरघळवतं. फार जुना झाला असेल तर ॲसिटोन. गॅसच्या लादीवर तसाही रंग काढणार असाल तर एका दगडात दोन पक्षी.

निवांत_नागपूर

अवांतर: आमच्या पांढऱ्या ओट्यावर बारीक तपकिरी ठिपके आलेत, हे काय असावं? दगडातच गंज आहे का?

गारगोटी

दोन शक्यता. फिकट दगडातल्या लोहयुक्त खनिजाचे कण पाणी आणि हवा लागून गंजतात, ते जिथल्या तिथे राहतात. किंवा तारेची घासणी वापरत असाल तर तिचे तुटलेले तंतू ओल्या ओट्यावर गंजतात. घासणी बदलून महिनाभर बघा, नवे ठिपके थांबले तर उत्तर मिळालं. गंज काढायचं कुठलंही द्रव घ्याल तर त्यात हायड्रोफ्लुरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुराइड नाही ना ते आधी वाचा. ते दगडातलं क्वार्ट्झही खातं आणि हातावर पडलं तर फार वाईट इजा होते.

निवांत_नागपूर

तारेची घासणीच! बंद करतो.

मेलबर्नची_मावशी

वाचून मजा आली. इकडे बरेच जण दगडाची कटकट नको म्हणून क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात राळेत क्वार्ट्झचा चुरा घालून बनवलेला 'इंजिनिअर्ड स्टोन' लावायचे. त्याला सीलर लागत नाही. पण कापताना उडणारी सिलिकाची धूळ छातीत जाऊन कामगारांना सिलिकोसिस झाले आणि ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदी आली. ग्रॅनाइटवर बंदी नाही, पण सिलिका त्यातही असतेच. भारतात आले की बघते, मुलं बाल्कनीत तोंडाला रुमाल बांधून कोरडाच कटर चालवत असतात. कोणी ओटा कापून किंवा पुन्हा पॉलिश करून घेणार असाल तर पाणी सोडत कापायला लावा बाई. चिखल होतो, तो पुसता येतो.

फरशीपुत्र

मावशी, अगदी बरोबर बोललात. आमच्या वडिलांच्या वेळचे दोन कारागीर दम्यासारख्या खोकल्याने घरी बसले. तेव्हा कोणी या दुखण्याला नाव दिलं नव्हतं.

रेषा_आणि_रंग

पांढऱ्याला सीलर घेताना 'पाणी आणि तेल' दोन्ही अडवणारा घे गं, चिंचगूळ. नुसता पाण्याचा घेतलास तर आपल्या स्वयंपाकघरात काही खरं नाही. फ्लुरो असलेले महाग असतात, पण छोट्या ओट्याला लहान बाटली पुरते. आणि लेपांनंतर धुतलास की निदान एक दिवस वाळू दे. ओल्या दगडावर सीलर मारला तर आतली ओल अडकते. ज्यांचा ओटा नुकताच सिमेंटच्या मालावर बसवलाय त्यांनी तर काही आठवडे थांबावं. माल सुकेपर्यंत फिकट दगड मधूनमधून काळवंडलेला दिसतो, तो डाग नसतो.

चिंचगूळ

आतापर्यंतची प्रगती. दुकानदाराने आधी "मॅडम, नॅचरल स्टोन आहे, व्हेरिएशन येतंच" हे पालुपद लावलं. काळं फडकं पिशवीतून बाहेर काढल्यावर आवाज खाली आला. फरकाचे पैसे द्यायला तयार झालाय.

गॅसच्या लादीचा सगळा रंग नवरा आणि मी मिळून काढला. खाली छान पोलादी करडा दगड निघाला, लिंबाची रिंगणं त्यातच विरून गेली. लिंबू मुद्दाम पिळून ठेवलं, काही उमटलं नाही. सिंकची लादी पेचकस यांच्या पद्धतीने पुसली, पडदा गेला. नळाशी पातं चाललं. दोन रंगांचा ओटा मला अजून डोळ्यांना खटकतो. सासूबाईंना मात्र करडी बाजू पसंत पडली आहे, पीठ सांडलेलं दिसत नाही म्हणून.

पांढऱ्यावर हळद जवळजवळ गेली, ऊन येतं त्या बाजूची आधी गेली. तेलाचं बूड निम्म्यावर आलंय, अजून लेप चालू आहे. सिलिकॉन काढलंय, पट्टा फिकट होतोय पण चिवट आहे.

आता एकच प्रश्न. दोन लाद्यांचा जोड पांढऱ्या सिमेंटने भरलेला आहे, तो भुरभुरतोय आणि त्यातून मुंग्या येतात. तिथे सीलर चालेल का?

फरशीपुत्र

जोडाला सीलर नाही, तिथे इपॉक्सी भरायचं. जुनं सिमेंट बारीक पात्याने तळापर्यंत उकरा, व्हॅक्यूमने किंवा ब्रशने धूळ काढा आणि खाच एक-दोन दिवस पूर्ण कोरडी राहू द्या. पाणी मारून मुंग्या घालवायला जाल तर ओल आत राहील, म्हणून तेही आत्ताच थांबवा. दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावा. दगड जोडायचं दोन भागांचं इपॉक्सी मिळतं, त्यात रंगाची पूड मिसळायची. तुमच्या बाबतीत एका बाजूला काळा आणि एका बाजूला करडा, तेव्हा गडद करडी छटा घ्या, दोन्हीकडे खपून जाते. थोडं फुगीर भरा, घट्ट व्हायला लागलं की पट्टी ओढून काढा, आणि दुसऱ्या दिवशी तेच दाढीचं पातं आडवं धरून वरचं उरलेलं सपाट करा. जोड सिंकजवळ आहे म्हणता, तर आधी नळाचं वॉशर गळत नाही ना ते पेचकसांसारख्या कोणाकडून बघून घ्या.